खोक्याच्या पोटातली पन्हळ

मुंबईच्या बोलीत पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधानभवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा घुमली आणि हा हिशेब गावोगावच्या पारापर्यंत पोचला. खऱ्या बाजारात मात्र मान उलटा आहे. हापूसची लाकडी पेटी रिकामी झाली तरी कुणी तिला माळ्यावर ठेवतं, कुणी तिच्यात कोथिंबीर लावतं, अगदीच काही नाही तर बंबात जाते. पुठ्ठ्याच्या खोक्याला एवढीही इज्जत नाही. आतला मिक्सर बाहेर आला की खोका दाराबाहेर.

त्याला बाहेर काढण्याआधी एकदा कडेला फाडून पाहावं. दोन सपाट कागदांच्या मध्ये तिसरा कागद नागमोडी उभा असतो. गोठ्यावर जो पन्हळी पत्रा असतो त्याचीच ही कागदी आवृत्ती. सपाट पत्रा हाताने वाकतो आणि पन्हळी पत्रा माणूस चढला तरी वाकत नाही. खोक्याचं सगळं बळ या मधल्या पन्हळीत आहे. ती उभी आहे तोवर खोका उभा, ती बसली की उरते रद्दी. कारखान्यातलं यंत्र, खळ, पाऊस, कर, अगदी सफरचंदाचा भावसुद्धा याच चार मिलिमीटरच्या नागमोडीभोवती फिरतो.

ही पन्हळ जन्मली ती मात्र साहेबाच्या टोपीत. १८५६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड हीली आणि एडवर्ड ॲलन या दोघांनी चुण्या पाडलेल्या कागदाचं पेटंट घेतलं. उंच हॅटच्या आत अस्तर म्हणून तो घालायचा, म्हणजे हॅटचा आकार टिकतो आणि कपाळाला वारा लागतो. माल बांधण्यासाठी असा कागद वापरावा हे १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सला सुचलं. त्याने बाटल्या आणि कंदिलाच्या काचा त्यात गुंडाळल्या. पण नुसती पन्हळ ताणली की सपाट होते. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने तिच्या एका बाजूला साधा कागद चिकटवला आणि पन्हळ जागेवर बसली. पुढे दुसरी बाजूही झाकली गेली आणि आजचा पुठ्ठा तयार झाला.

दरम्यान न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट गेअर नावाच्या, मूळच्या एडिंबरोच्या, छापखानेवाल्याकडे एक घोटाळा झाला होता. १८७९ ची गोष्ट. बियाण्यांच्या कागदी पिशव्या छापताना यंत्रातली धातूची पट्टी जरा वर राहिली आणि घडीची रेघ उमटवण्याऐवजी तिने कागदच कापला. हजारो पिशव्या वाया. दुसऱ्या कुणी कामगाराला धारेवर धरलं असतं. गेअरने त्यातून एकाच दाबात कापणारी आणि घडीही पाडणारी डाय बनवली. आज कोणताही खोका सपाट येतो आणि दोन हातांनी उभा राहतो, त्याचं मूळ त्या वाया गेलेल्या पिशव्यांत आहे.

लाकडाने सहजासहजी जागा सोडली नाही. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या मालाला लाकडी खोक्यापेक्षा जास्त भाडं लावत. लॉस एंजेलिसच्या प्रिडहॅम कंपनीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९१४ मध्ये आंतरराज्य व्यापार आयोगाने हा दुजाभाव चुकीचा ठरवला. त्यानंतर लाकडी खोक्याला उतरती कळा लागली.

आता एमआयडीसीतल्या एखाद्या गाळ्यात जाऊ. भोसरी असो, अंबड असो की वसई, खोक्याचा छोटा कारखाना लांबूनच ओळखू येतो. शिजलेल्या स्टार्चचा आंबूस-गोड वास, दाराशी क्राफ्ट कागदाची माणसाच्या कमरेएवढी रिळं आणि आत एका लयीत चाललेली धडधड. ही धडधड सिंगल फेसर मशीनची. त्यात एकावर एक असे दोन दातेरी पोलादी रोलर असतात. एकाचे दाते दुसऱ्याच्या खाचांत बसतात, उसाच्या चरकासारखे, पण एकमेकांना न चिरडता. रोलर वाफेने किंवा विजेने दीडशे अंशांच्या पुढे तापवलेले असतात. कोरडा, गार कागद दात्यांत घातला तर तडकतो. ऊब आणि थोडा ओलावा मिळाला की तो मऊ पडतो आणि दात्यांचा आकार घेतो. रोलरमधून सुटताच कागद पुन्हा सरळ व्हायला बघतो, म्हणून जुन्या यंत्रांत ‘फिंगर’ नावाच्या बाकदार पट्ट्या त्याला रोलरशी दाबून धरतात. त्या पट्ट्यांच्या जागी खळ लागत नाही. खोका सोलून पाहिला तर मध्ये मध्ये न चिकटलेल्या कोऱ्या रेघा दिसतात, त्या या फिंगरच्या खुणा. नव्या यंत्रांत हेच काम हवेचा दाब किंवा ओढ करते.

पुढे पन्हळीच्या फक्त माथ्यांवर खळ लागते आणि दुसऱ्या रिळावरून आलेला सपाट कागद तिथेच दाबला जातो. हे सारं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. खळीला वाळायला वेळच नसतो, आणि खरी करामत त्या खळीतच आहे. पूर्वी इथे सोडियम सिलिकेट वापरत. ते पक्कं चिकटायचं, पण वाळल्यावर काचेसारखं ठिसूळ व्हायचं. १९३० च्या दशकात स्टाईन-हॉल पद्धतीची स्टार्चची खळ आली. तिच्यात थोडा स्टार्च आधी शिजवून घेतात आणि बाकीचा कच्चाच ठेवतात. शिजलेला भाग कच्च्याला तरंगत धरतो, आणि कच्चा शिजतो तो थेट कागदांच्या मध्ये, तापलेल्या रोलरवर. कॉस्टिक सोड्यामुळे तो कमी उष्णतेत फुगतो, बोरॅक्समुळे चिकटा वाढतो. घरी पतंगासाठी मैद्याची खळ करताना ती कधी घट्ट झाली हे बोटाला कळतं. इथे ते एका क्षणात आणि मिनिटाला कित्येक मीटर कागदावर साधावं लागतं. मापात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचे थर पापडासारखे सुटतात.

यंत्राच्या दुसऱ्या टोकाला बाहेर पडतो तो ‘टू प्लाय’. एका अंगाने तो चटईसारखा गुंडाळता येतो, दुसऱ्या अंगाने वाकवला तर कटकन मोडतो. पन्हळीच्या उभ्या रेघा ज्या दिशेने जातात तिकडे ताकद. म्हणून खोका कापताना पन्हळ नेहमी उभी, खालून वर जाणारी ठेवतात. नवखा माणूस कागद वाचवायला शीट आडवी लावतो आणि मग गोदामात खोके गुडघे टेकतात.

पन्हळीच्या आकारांना ए, बी, सी, ई अशी नावं आहेत, पण ती लहान-मोठ्याच्या क्रमाने नाहीत. ज्या क्रमाने बाजारात आली त्या क्रमाने अक्षरं मिळाली. ए सर्वांत उंच, पावणेपाच मिलिमीटरच्या आसपास. बी बुटकी आणि दाट. सी मागाहून आली आणि दोघींच्या मध्ये बसली. ई दीड मिलिमीटरच्या आसपासची, मोबाइलच्या डब्यातली. आपल्याकडच्या गाळ्यांत मात्र अक्षरांपेक्षा ‘ब्रॉड’ आणि ‘नॅरो’ हेच शब्द चालतात. ब्रॉडचा एक मीटर पुठ्ठा करायला मधला कागद जवळपास दीड मीटर खर्ची पडतो. पोकळी विकायची तर तिलाही कागद लागतोच.

मोठ्या कारखान्यात हे सगळं शंभरएक मीटर लांबीच्या एकाच यंत्रात होतं. एका टोकाला रिळं लावायची, दुसऱ्या टोकाला कापलेल्या शीट मोजायच्या. छोट्या गाळ्यात टू प्लाय कापून त्यावर तिसरा कागद हाताने किंवा पेस्टिंग मशीनने चिकटवतात, थप्पी दाबाखाली ठेवतात, मग रोटरीवर घडीच्या रेघा आणि स्लॉटरवर खाचा. शेवटी स्टिचिंग. तारेच्या रिळातून पिना तोडून मारणारं ते यंत्र पायाने चालतं आणि अनेक ठिकाणी त्यावर बायका बसतात. पाय दाबला की खट्, शीट सरकवली की पुन्हा खट्. नजर पिनेवर, बोटं पिनेपासून दोन इंचांवर. दातेरी रोलरजवळ तर ढिली बाही किंवा ओढणी चालतच नाही.

पुठ्ठा किती मजबूत हे बाजारात दोन आकड्यांत सांगतात, जीएसएम आणि बीएफ. पहिला म्हणजे चौरस मीटरचं वजन. दुसरा म्हणजे बर्स्टिंग फॅक्टर, कागद फुगवून फोडायला लागणारा दाब आणि वजन यांचं गुणोत्तर. १२० जीएसएमचा २० बीएफ कागद चौरस सेंटिमीटरला २.४ किलो दाबाला फुटतो. ठरवलेला २० बीएफ प्रत्यक्षात १६ निघणं हे या धंद्यातलं जुनं दुखणं, आणि तपासणीचं यंत्र नसलेला गिऱ्हाईक ते ओळखणार कसं? खरी अडचण वेगळीच आहे. खोका फुगून फुटत नाही, दबून बसतो.

दबण्याचं गणित १९६३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या कागद-रसायन संस्थेत मॅकी आणि सहकाऱ्यांनी मांडलं. पुठ्ठ्याची कड किती दाब सोसते, पुठ्ठा किती जाड आहे आणि खोक्याचा घेर किती, एवढ्यावर खोक्याची भारक्षमता निघते. चांगल्या तीनपदरी पुठ्ठ्याचा ४०० बाय ३०० मिलिमीटरचा खोका घेतला, तर सूत्राप्रमाणे तो २२० किलोच्या आसपास भार घेतो. स्वतः अर्धा किलोही नसतो! पण हा झाला प्रयोगशाळेतला, कोरड्या हवेतला, काही सेकंदांचा भार. महिनाभर ओझं घेऊन उभं राहायचं तर ताकद घटते. बराचसा भार चार कोपरे उचलतात, त्यामुळे वरचा खोका जरा तिरका बसला की आणखी घट. आणि हवेत ९० टक्के आर्द्रता असली की जवळपास निम्मी ताकद गेली. म्हणून जाणकार पॅकिंगवाला २२० चे पन्नास-पंचावन्नच धरतो.

नाशिकच्या द्राक्षांना हे गणित अंगावर घ्यावं लागतं. युरोपला जाणाऱ्या पाच-पाच किलोच्या खोक्यांची चळत शीत-कंटेनरमधल्या ओल्या गारठ्यात तीन-चार आठवडे समुद्रावर असते. तळातला खोका बसला तर द्राक्षं तिथेच मनुका होण्याच्या वाटेला लागतात. म्हणून या खोक्याचा कागद भारी असतो, कोपरे दुमडून दुहेरी केलेले असतात आणि वाऱ्यासाठीची भोकं कोपऱ्यांपासून लांब पाडलेली असतात.

हिमाचलमध्ये तर खोक्याच्या घडणीने बागायतदाराचा खिसा कापला. सफरचंद पूर्वी लाकडी पेट्यांत जात. जंगल वाचवायला पुठ्ठा आला, तो दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा ‘टेलिस्कोपिक’. वरचा भाग उचलत नेला की आत आणखी एक थर मावे. भाव ठरे पेटीवर, वजनावर नव्हे. मग वीस-बावीस किलोच्या जागी तीस किलो भरलं जाई आणि वरचे किलो फुकट. २०२४ च्या हंगामापासून राज्य सरकारने एकाच तुकड्याचा, न वाढणारा ‘युनिव्हर्सल कार्टन’ सक्तीचा केला. नुसत्या कायद्याने जे जमलं नसतं ते एका घडीने केलं. त्याच वर्षी जीएसटी परिषदेने खोक्यावरचा कर १८ वरून १२ टक्क्यांवर आणण्याची शिफारस केली, तेव्हाही सफरचंदवाल्यांचंच नाव पुढे होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये खोका ५ टक्क्यांवर आला आणि क्राफ्ट कागद १८ वर गेला. ऐकायला सवलत, पण छोट्या गाळेवाल्याने कागद घेताना १८ भरायचे, खोका विकताना ५ वसूल करायचे आणि मधला पैसा परताव्याची वाट पाहत अडकवायचा.

हा क्राफ्ट कागद आपल्याकडे मुख्यतः रद्दीतून होतो. ‘क्राफ्ट’ हा जर्मन शब्द, अर्थ ताकद. चिवटपणा येतो सूचिपर्णी झाडांच्या लांब तंतूंतून, आणि दर फेरीला तंतू आखूड होत जातात. म्हणून वापीसारख्या ठिकाणच्या गिरण्या देशी पुठ्ठ्यात परदेशातून आलेले जुने खोके मिसळतात. चीनने १ जानेवारी २०२१ पासून कचऱ्याची आयात पुरती बंद केली, तेव्हा तिथल्या गिरण्यांना रद्दीऐवजी तयार कागद हवा झाला. तो भारतातूनही जाऊ लागला आणि इथल्या खोकेवाल्यांना क्राफ्ट महाग झाला.

देशी पुठ्ठा गोळा होतो तो हातगाडीवर. पुण्यात कागद-काच-पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये उभी राहिली, तिच्या नावातला पहिला शब्दच हा माल आहे. दुकानामागे पडलेले खोके कचरावेचक बाई पायाने चपटे करते, चिकटपट्टी ओढून काढते, पन्हळीच्या रेघांवरून दुमडते. भंगारवाला वजनावर घेतो आणि गिरणी गठ्ठ्यात ओलाव्याचा काटा खुपसून तेवढं वजन कापते, कारण पावसात भिजलेला किंवा मुद्दाम भिजवलेला पुठ्ठा जड भरतो. ज्या पाण्यापासून खोक्याला जन्मभर जपलं, ते शेवटी त्याला पल्परच्या मोठ्या हौदात गाठतं. फिरत्या पात्यांखाली आधी खळ सुटते, मग पन्हळ सपाट होते, मग कागदाचा लगदा. प्लॅस्टिकच्या पट्ट्या दोरासारख्या पिळून वर ओढल्या जातात. पिना जड, त्या लगद्यातून वेगळ्या होऊन खाली बसतात, आणि गंजलेल्या त्या ढिगाचंही पुढे वजन होतं.