मावशींची पुस्तिका आणि गावकऱ्यांचे प्रश्न

शेतकरी बंधू-भगिनींनो, या पानावर आपण नेहमी माती परीक्षण, हुमणी, ठिबक यांवर बोलतो. आजचा विषय वेगळा आहे. पण लगेच पान उलटू नका. यातले निम्मे काम शेवटी आपल्याच ग्रामपंचायतीत येऊन पडते.

यंदा मृगाच्या सुमारास पन्नाशीच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. माहेरच्या वाट्याची वीस गुंठे जमीन, त्यात शेवगा लावावा की शेळ्या पाळाव्यात, हे विचारायला. उठताना त्यांनी पिशवीतून एक लहानशी पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. मावशींनी शहरात पंचवीस वर्षे वेश्याव्यवसायात काढली. स्वतः तोंडी सांगून, एका शिकलेल्या मुलीकडून लिहून घेऊन, साठवलेल्या पैशातून त्यांनी ती छापली. धंद्यातल्या बाईने आपल्या शरीराची, मनाची आणि पैशाची काळजी कशी घ्यावी, एवढाच तिचा विषय.

मी ती सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले ग्रामसेवक), बचत गटाच्या अध्यक्षा आणि चार शेतकऱ्यांना वाचायला दिली. त्यांनी जे प्रश्न विचारले ते मावशींपुढे ठेवले. नाव छापू नका, असे त्यांनी बजावले आहे. औषधोपचाराची आणि कायद्याची माहिती मी वेगळी खात्री करून घेतली आहे.

प्रश्न : असले पुस्तक काढून धंद्याला उत्तेजनच मिळत नाही का?

मावशी हसल्या. म्हणाल्या, "साहेब, फवारणी करताना काय जपायचं त्याचा कागद तुमी वाटता. म्हणून कुणी हौसेनं विष फवारतं का? ज्याला फवारावंच लागतंय, तो जगावा म्हणून वाटता ना?"

प्रश्न : पुस्तिकेत नेमके काय आहे?

साध्या गोष्टी आहेत. निरोध वापरण्यापूर्वी पाकिटावरची मुदत बघा. एकावर एक दोन घालू नका, फाटतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, तेलाने रबर कमजोर होते. अंगाच्या आतून साबणाने किंवा जंतुनाशकाने धुऊ नका, त्याने संरक्षण जाते आणि आजार वाढतो. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली, तर एचआयव्ही टाळण्याचे औषध ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते, जितके लवकर तितके चांगले. म्हणून सकाळची वाट न बघता सरकारी दवाखाना गाठा. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते आणि नाव गुप्त राहते. माहितीसाठी १०९७ हा फोन नंबर मोफत आहे.

तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्या, असेही लिहिले आहे. हा सल्ला तर तुमच्या-माझ्या घरातल्या बायकांनाही तितकाच लागू आहे.

मनाच्या काळजीचे एक पान मला विशेष वाटले. धंद्यात बाईचे नाव बदलते. मावशी लिहितात, आपल्याला आईबापाने ठेवलेल्या नावाने हाक मारणारी एक तरी मैत्रीण ठेवा, आणि रोज तिच्याशी दोन शब्द बोला.

प्रश्न : एवढे सगळे माहीत असताना बायका पाळत का नाहीत?

हा प्रश्न आमच्याच एका बागायतदाराचा. मावशींनी उलट विचारले, "तुमच्या रानात फवारणाऱ्या गड्याला हातमोजं घालायचं माहीत नाही का?"

मी गप्प बसलो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोजे, मास्क लावा हे डब्याबरोबरच्या कागदावर छापलेले असतेच. पण पंप दुसऱ्याचा, रान दुसऱ्याचे, आणि नको म्हटले तर उद्याची हजेरी बुडणार. मावशी म्हणाल्या, बाईचेही तसेच. खोलीचे भाडे थकलेले आहे, सावकाराचा हप्ता दारात आहे, त्या रात्री गिऱ्हाईक निरोधाला नाही म्हणाले तर ती त्याला परत पाठवू शकत नाही. गाठीला आठ दिवसांचा खर्च असेल तरच ती 'चल निघ' म्हणू शकते. म्हणून पुस्तिकेत पैशाच्या बचतीला आजारांपेक्षा जास्त पाने दिली आहेत.

सहकार आपल्याला नवा नाही. कोलकात्याच्या सोनागाची वस्तीतल्या बायकांनी सावकाराच्या व्याजातून सुटण्यासाठी १९९५ साली 'उषा' नावाची स्वतःची सहकारी संस्था काढली. आपल्या सांगलीत 'संग्राम' संस्थेचे काम १९९२ पासून आहे, आणि त्यातूनच १९९६ साली या व्यवसायातल्या बायकांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद उभी राहिली. तिथे बायकाच बायकांना निरोध आणि तपासणीबद्दल समजावतात. मावशी म्हणाल्या, डॉक्टर सांगतात ते ऐकू येते, पण शेजारीण सांगते ते पटते. आमच्या विस्तार खात्याचा अनुभवही हाच आहे.

प्रश्न : अशी बाई गावी परतली तर शेजाऱ्यांना धोका आहे का?

नाही. एका नळाचे पाणी, एका पंगतीचे जेवण, हात लावणे, डास चावणे, यातून एचआयव्ही पसरत नाही. आणि परतलेली प्रत्येक बाई आजारी असते हेही खरे नाही. लागण असली तरी २००४ पासून सरकारी केंद्रात औषध मोफत मिळते, आणि ते नियमित घेणारी माणसे वर्षानुवर्षे शेतात राबतात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दवाखाना, शाळा, नोकरी यांत अशा माणसाशी भेदभाव करण्यास बंदी आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही.

प्रश्न : मुलीला फसवून नेले असेल तर?

मावशींचे उत्तर कडक होते. "ते धंद्यात मोडत नाही, ती चोरी आहे माणसाची." अठरा वर्षांखालील मुलगी असेल तर तिच्या संमतीचा प्रश्नच येत नाही, तो गंभीर गुन्हा आहे. पोलीस पाटलांना कळवा, १०९८ वर फोन करा. नोकरी लावतो, शहरात लग्न जुळवतो म्हणून कुणी आले तर चार ठिकाणी चौकशी केल्याशिवाय मुलगी पाठवू नका.

प्रश्न : गावाने काय करायचे?

हा प्रश्न सरपंचांचा, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या स्त्रियांना रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र देण्याचे आदेश राज्यांना दिले. १९ मे २०२२ च्या आदेशात त्यांनाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे आणि पोलिसांनी त्यांच्याशी नीट वागावे, असे सांगितले. पत्त्याचा पुरावा नसला तरी एड्स नियंत्रण यंत्रणेच्या प्रमाणपत्रावर आधार मिळावे, आणि त्यात तिचा व्यवसाय कुठेही उघड होऊ नये, असेही त्यात आहे.

कागद नाही म्हणून बँकेत खाते नाही, खाते नाही म्हणून पैसे सावकाराकडे किंवा घरवालीकडे. मग पुस्तिका पाठ असली तरी उपयोग काय?

मावशी एका कार्यालयात रेशनकार्डासाठी गेल्या, तेव्हा दहा माणसांसमोर त्यांना विचारण्यात आले, "इतकी वर्षं तिकडं काय करत होता?" अर्जात असा रकाना नाही. त्या उठून आल्या आणि पुन्हा गेल्या नाहीत.

म्हणून ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आणि रेशन दुकानदार बंधूंना माझी विनंती आहे. असा अर्ज आला तर अर्जात छापलेले तेवढेच विचारा, आणि कळलेले चावडीवर बोलू नका. त्याला निधी लागत नाही की ठराव लागत नाही.

मावशींनी बांधाला शेवगा लावला आणि दोन शेळ्या घेतल्या. रेशनकार्डाचा अर्ज या सोमवारी पुन्हा देणार आहेत. या वेळी मी बरोबर जाणार आहे.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेबद्दल बोलू.