जुनं स्लॉट मशीन उघडलं की गणित दिसतं

जुनं, दांडा ओढायचं स्लॉट मशीन दुरुस्त करायला घेतलंत, तर विजेचा प्लग आधी काढा. दांडा अडकतो तो बहुधा सुकून चिकट झालेल्या तेलामुळे. ते पुसा, नवं तेल थेंबभरच. ताणलेली स्प्रिंग एकदम सोडू नका, बोटावर बसते!

मग मुलांना चाकांवरची चित्रं मोजू द्या. तीन चाकं, प्रत्येकावर २० चित्रं असतील तर २० × २० × २० म्हणजे ८००० जुळण्या. बक्षिसाचं चित्र प्रत्येक चाकावर एकदाच असेल, तर संधी ८००० त एक. दहादा हरलात तरी अकराव्यांदा तेवढीच. सिहोऱ्याकडे दिवाळीनंतरच्या मंडईत ‘आता तरी लागंलच’ म्हणणाऱ्या पोरांना हेच दाखवायचंय.

नाण्यांऐवजी पत्र्याच्या चकत्या वापरा. पैसे लावून खेळवलंत, तर १८८७ चा जुगारबंदी कायदा आहेच.