संगणक का अडखळतो?

पैनगंगेच्या अलीकडील आमच्या भागात, विशेषतः जैनथ व बेला या मंडलांतील खेड्यांत, वृद्ध स्त्रियांच्या मुखी जात्यावरच्या ओव्या अद्याप आहेत. आमच्या जिल्ह्याने हैदराबाद राज्य पाहिले, १९५६ नंतर आंध्र प्रदेश पाहिला, २०१४ पासून तेलंगण पाहत आहे, आणि २०१६ साली तर जिल्ह्याचेच चार भाग झाले. पण घरातली मराठी घरातच राहिली. त्या ओव्या विद्यार्थ्यांकडून लिहवून घेऊन एका ग्रंथात संकलित कराव्यात, असे आमच्या शाळेच्या वार्षिक समितीने ठरविले. पहिली शंभर पाने संगणकावर सुरळीत उतरली. दोनशेच्या पुढे मात्र यंत्र रेंगाळू लागले, आणि पानांची संख्या ३१० झाली तेव्हा एक अक्षर दाबल्यावर ते पडद्यावर उमटेपर्यंत तीन-चार सेकंद वाट पाहावी लागे.

दोष कोणाचा, यावर प्रथम पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणाले, संगणक जुना झाला; कोणी म्हणाले, मराठी लिपीच जड, तिच्या जोडाक्षरांनी यंत्र दमते. दुसरा आक्षेप आम्हांस झोंबला, म्हणून त्याचीच आधी परीक्षा केली. युनिकोडच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट जागा घेते, इंग्रजी अक्षर एक. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा दिसतो. यंत्राच्या दृष्टीने तो क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र अशा सात चिन्हांचा, म्हणजे एकवीस बाइटांचा आहे. (आमच्याच जिल्ह्यातील गुंजाला येथे सापडलेल्या गोंडी लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, तिचे प्रत्येक चिन्ह तर चार बाइट घेते.) आता हिशेब करा. एका पानावर सुमारे १,६०० चिन्हे धरली, तर तीनशे पानांची ४,८०,००० होतात. तिप्पट केल्यास १४,४०,००० बाइट. भ्रमणध्वनीने काढलेल्या एका साध्या छायाचित्राचे वजन चाळीस लक्ष बाइटांच्या आसपास असते. म्हणजे दोन मंडलांतील साऱ्या आज्यांच्या ओव्या मिळून एका छायाचित्राच्या निम्म्याहूनही हलक्या! मराठी निर्दोष ठरली.

मग खरे ओझे कशाचे? वैद्य नाडी पाहतो त्याप्रमाणे येथेही लक्षणे वेगळी काढावी लागतात. फाईल उघडताना उशीर होतो, की टंकलेखन करताना, की ठरावीक वेळाने यंत्र क्षणभर गोठते? ही तिन्ही दुखणी निरनिराळी आहेत. आम्ही मूळ फाईल बाजूस ठेवून तिच्या प्रतीवर प्रयोग आरंभिला. प्रतीचा उत्तरार्ध काढून टाकावा व पाहावे. गती सुधारली तर दोष उत्तरार्धात, न सुधारली तर पूर्वार्धात. दोषी अर्धाचे पुन्हा दोन भाग करावे. बिघाड एकाच पानात दडला असेल तर ३१० पानांत तो जास्तीत जास्त नऊ खेपांत सापडतो. आमचा दोष एका पानात नव्हता, दोन्ही अर्धांत पसरला होता, आणि त्यामुळे आम्ही काही काळ चकलो.

पहिला अपराधी छायाचित्रे. वह्यांची, जात्यांची व गावांची बासष्ट चित्रे आम्ही जशीच्या तशी घातली होती. चित्राचा कोपरा ओढून ते पानावर लहान केले की ते लहान झाले, असा आमचा समज होता. तो साफ चुकीचा. ४,००० बाय ३,००० बिंदूंचे चित्र म्हणजे एक कोटी वीस लक्ष बिंदू. साठवताना ते आवळलेले असते, पण पडद्यावर दाखविण्यासाठी यंत्र ते उलगडते, आणि प्रत्येक बिंदूस तीन बाइट धरले तरी एकच चित्र ३६ एमबी स्मृती व्यापते. बासष्टांचे २,२३२ एमबी! आमच्या संगणकाची सारी स्मृती चार जीबी, आणि तीत इतरही कामे चालतात. बारा सेंटिमीटर रुंद चित्र उत्तम छपाईसाठी सुमारे १,४०० बिंदू रुंद असले तरी पुरते, म्हणजे एकंदर बिंदू आठव्या हिश्श्याइतके. सर्व चित्रे अगोदर बाहेर लहान करून मग पुन्हा घातली, तेव्हा यंत्राने जणू सुस्कारा टाकला.

दुसरा अपराधी अनपेक्षित निघाला. प्रास्ताविकाची चाळीस पाने पूर्वी कोणी जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टंकलिखित केली होती. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असतात. आपणांस मराठी दिसते, यंत्रास मात्र तो निरर्थक इंग्रजी मजकूर वाटतो. परिणामी शुद्धलेखन तपासणारी यंत्रणा प्रत्येक शब्द चूक ठरवून त्याखाली तांबडी रेघ ओढीत बसे. ती पाने युनिकोडमध्ये रूपांतरित केली. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी यांच्या जागा रूपांतरानंतर दोनदा तपासाव्या लागल्या, हे जाता जाता सांगून ठेवतो.

शब्दसूचीचे कोष्टक आठशेहून अधिक ओळींचे आणि एकसंध होते. मजकुरानुसार स्तंभ आपोआप रुंदावण्याची सोय त्यात चालू होती, त्यामुळे एका घरात शब्द घातला की यंत्र सारी घरे पुन्हा मोजी. ती सोय बंद करून कोष्टकाचे तुकडे केले. 'बदलांची नोंद' चालू असल्याने तिघा तपासनिसांनी खोडलेला मजकूरही आत जिवंत होता. प्रत ठेवून ते बदल स्वीकारून टाकले. वर्डसारखी प्रणाली पानाची मापे निवडलेल्या मुद्रकाच्या आधारे ठरविते. तो मुद्रक जोडलेला नसेल तर ती कधी कधी त्याची वाट पाहत राहते, हेही कळले.

पानांच्या मापाचा प्रश्न येथे जरा खुलासेवार सांगणे अवश्य आहे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी पाचव्या पानावर एक ओळ वाढली, की जुळाऱ्यास पुढील प्रत्येक पानाची शेवटची ओळ पुढे सरकवावी लागे, आणि लेखकाचा उद्धार होई. संगणक हेच काम निमूटपणे करतो. ओळी पुन्हा मोडतो, पाने पुन्हा पाडतो, तळटीपा हलवितो. म्हणून लिहिताना मसुदा-दृश्य वापरावे, पृष्ठरचना शेवटी पाहावी. आम्ही तर प्रत्येक गावाची स्वतंत्र फाईल केली. लिबरऑफिस रायटरमध्ये अशा फाईली एका मुख्य फाईलमध्ये ओवण्याची सोय आहे.

आता तिसरे लक्षण, आणि येथे आम्ही जी चूक केली ती लपविण्यात अर्थ नाही. दर दहा मिनिटांनी यंत्र गोठे, कारण अडीचशे एमबींची फाईल सुरक्षेसाठी आपोआप साठविली जात असे. हा अडथळा नको, म्हणून आमच्यापैकी एकाने ती आपोआप साठवणच बंद करून टाकली. गोठणे थांबले, आम्हांस आनंद झाला. पुढे चार दिवसांनी दहावीतील एक विद्यार्थिनी बेल्याकडील एका आजींना शाळेत घेऊन आली. त्या सांगत होत्या आणि मुलगी वही न वापरता थेट संगणकावर लिहीत होती. दुपारभरात अकरा पाने झाली. वीज गेली आणि ती अकराही पाने गेली.

चित्रे हलकी केल्यावर तीच साठवण डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊ लागली. म्हणजे बंद करावयाचे होते ते ओझे, आणि आम्ही बंद केला तो पहारा. साठवण आता दर पाच मिनिटांनी होते, आणि रोज सायंकाळी एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतली जाते.

त्या आजींकडे आम्ही पुन्हा गेलो, या खेपेस वही घेऊन. मुलीचा चेहरा उतरलेला होता. आजी म्हणाल्या, "जात्यावर बसल्याबिगर मले नाही आठवत, पोरी." शेजारच्या घरी एक जाते वापराविना पडले होते, ते धुऊन मांडले, मूठभर ज्वारी घातली. आजींनी खुंटा धरला, आणि मुलगी लिहू लागली. सात पाने भरली. त्यांतील कितीतरी ओव्या पहिल्या दिवशी त्यांनी सांगितल्याच नव्हत्या; आणि पहिल्या दिवशीच्या काही, मुलीला निश्चित आठवत असलेल्या, त्यांना पुन्हा सुचल्या नाहीत. ग्रंथात त्या गावाच्या प्रकरणात दोन कोरी पाने आम्ही मुद्दाम राखून ठेवली आहेत.