सावड : बैलाला बैल, दिवसाला दिवस

बुलढाणा जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पेरणीसाठी मोजकेच दिवस मिळतात. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की तिफण चालायलाच हवी. उशीर झाला तर वरची ओल उडून जाते. अशा वेळी ज्याच्या दावणीला एकच बैल, त्याचं काय? सावडीने हा पेच पिढ्यान्‌पिढ्या सोडवला. दोघांनी एकेक बैल आणायचा, जोडी जुंपायची, आधी एकाचं रान पेरायचं, मग दुसऱ्याचं.

निंदणी-सोंगणीलाही हीच रीत. आज शेजारच्या बाया आपल्या वावरात राबल्या, तर परवा आपल्या घरच्या त्यांच्या वावरात. पैशाची देवघेव नाही, पण हिशोब पक्का : बैलाला बैल, दिवसाला दिवस. तो कुठे लिहिलेला नसतो. कोणाची फेड राहिली हे गावाला ठाऊक असतं, आणि फेड चुकवणाऱ्याला पुढच्या हंगामात कोणी सोबत घेत नाही. इर्जिकीची तऱ्हा थोडी निराळी. मोठं काम अडलं की शेतकरी हाक देतो, माणसं आपापली औतं घेऊन येतात, दिवसभरात काम उरकतात आणि ज्याचं शेत तो सगळ्यांना जेवू घालतो.

भातशेतीच्या जावा बेटावर एकमेकांच्या कामाला धावण्याची हीच रीत ‘गोतोंग रोयोंग’ म्हणून नांदते. १ जून १९४५च्या भाषणात स्वातंत्र्यनेते सुकर्णो यांनी नव्या इंडोनेशियासाठी पाच तत्त्वं मांडली आणि ती सगळी एकात सामावायची तर ते एक म्हणजे गोतोंग रोयोंग, असं सांगितलं. खेड्यातली रीत तिथे राष्ट्राचा पाया ठरली.

आपल्याकडे ट्रॅक्टर आला, तासावर भाडं ठरलं, दावणीतले बैल घटले. कष्ट हलके झाले हे चांगलंच. पण पेरणीला रोख पैसा लागू लागला आणि शेजाऱ्याची गरज कमी झाली.

तरी मिळून राबायची सवय मेलेली नाही. २०१८ मध्ये पानी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत ७५ तालुके उतरले होते. ८ एप्रिल ते २२ मे, ऐन उन्हाळ्याचे ४५ दिवस, गावोगावी लोकांनी टिकाव-फावडी घेऊन समतल चर खणले, बांध घातले. बुलढाण्याच्या मोताळा तालुक्यातलं सिंदखेड त्या वर्षी साताऱ्याच्या भांडवलीसोबत राज्यात दुसरं आलं.

पण असं श्रमदान म्हणजे सावड नव्हे. सावडीत दिलेला दिवस परत मिळतो. माथ्यावर चर खणला की पाणी पायथ्याच्या विहिरीत उतरतं, आणि विहीर असते जमीनवाल्याची. खणणाऱ्यांत भूमिहीन मजूरही असतो. त्याच्या दिवसाची फेड कोणी करायची? जुन्या सावडीतही हे वैगुण्य होतंच. ती बरोबरीच्यांत चाले. ज्याच्याकडे ना बैल ना रान, तो तिच्या बाहेर राही. जातीची भिंत तर होतीच.

म्हणून सावडीची नुसती आठवण काढून भागणार नाही, तिचा हिशोब पुन्हा मांडायला हवा. गावाने मिळून पाणी अडवलं, तर त्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची हेही गावाने मिळून ठरवावं, आणि त्या ग्रामसभेत भूमिहीनाचा शब्द विहीरवाल्याइतकाच वजनदार असावा. गावतळ्यातल्या मासेमारीचा, बांधावरच्या गवताचा पहिला हक्क त्याला द्यावा. फेड होते असा भरवसा असेल, तरच पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा टिकाव उचलेल.