रवी शास्त्री : चिवट बॅट, चढा आवाज

रवी शास्त्री १९८१ ते १९९२ या काळात भारताकडून ८० कसोटी आणि १५० एकदिवसीय सामने खेळले. १९९५ मध्ये त्यांनी समालोचकाचा माइक हाती घेतला आणि प्रशिक्षकपदाची वर्षे सोडली तर तो नंतर खाली ठेवलेला नाही. आजच्या तरुण प्रेक्षकाला शास्त्री ठाऊक आहेत ते आवाजावरून. पन्नाशीपुढच्या वाचकाला मात्र आठवतो तो पायावरचा चेंडू लेगला वळवून एकेक धाव जमवणारा उंचपुरा फलंदाज. त्या फटक्याला ‘चपाती शॉट’ असे गमतीचे नावही पडले होते. फलंदाजी संयमाची आणि समालोचन गडगडाटी, असा हा उलटा प्रवास आहे.

शास्त्री यांचा जन्म २७ मे १९६२ रोजी मुंबईत झाला. शिक्षण माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेत आणि पुढे पोदार महाविद्यालयात. मुंबईच्या शालेय क्रिकेटमध्ये गाइल्स आणि हॅरिस या ढालींचा मान मोठा. १९७७ मध्ये शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली डॉन बॉस्कोने गाइल्स ढाल प्रथमच जिंकली. वयाची अठरा वर्षे पुरी होण्याआधीच ते मुंबईच्या रणजी संघात आले. मुंबईच्या मैदानांवर ‘खडूस’ हा शब्द शाबासकी म्हणून वापरतात. आपली विकेट फुकट न देणारा आणि समोरच्याला दमवणारा तो खडूस. शास्त्री त्याच तालमीत तयार झाले.

१९८१ च्या फेब्रुवारीत भारतीय संघ न्यूझीलंडमध्ये असताना डावखुरे फिरकी गोलंदाज दिलीप दोशी जखमी झाले आणि बदली खेळाडू म्हणून शास्त्री यांना तातडीने बोलावणे गेले. कानपूरच्या रणजी सामन्यातून उठून ते वेलिंग्टनला पोहोचले ते कसोटीच्या आदल्या रात्री. त्या सामन्याच्या दुसऱ्या डावात त्यांनी चार चेंडूंत तीन बळी घेऊन न्यूझीलंडचा डाव गुंडाळला. फलंदाजीला मात्र ते दहाव्या क्रमांकावर होते. दोन वर्षांच्या आत, १९८३ च्या सुरुवातीला, त्यांनी कराचीत पाकिस्तानविरुद्ध सलामीला जाऊन १२८ धावा केल्या. कसोटी कारकिर्दीत पहिल्यापासून दहाव्यापर्यंत प्रत्येक क्रमांकावर ते खेळले, फक्त अकरावा राहिला. संघाला जिथे गरज असेल तिथे उभे राहायचे, हा त्यांच्या कारकिर्दीचा स्वभाव इथेच दिसतो.

१९८५ च्या जानेवारीतले दोन सामने शेजारी ठेवले तर हा खेळाडू नीट कळतो. इंग्लंडविरुद्धची कलकत्ता कसोटी ३१ डिसेंबरला सुरू झाली आणि ५ जानेवारीला संपली. तीत शास्त्री यांनी सात तासांहून अधिक वेळ खेळून १११ धावा केल्या. सामन्याच्या पाचही दिवशी त्यांना फलंदाजी करावी लागली आणि हा मान कसोटी इतिहासात मोजक्याच फलंदाजांना मिळाला आहे. त्यानंतर पाचच दिवसांनी, १० जानेवारीला, वानखेडे स्टेडियमवर बडोद्याविरुद्धच्या रणजी सामन्यात त्यांनी तिलक राज यांच्या एका षटकातल्या सहाही चेंडूंवर षटकार मारले. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये असे त्याआधी एकदाच घडले होते, १९६८ मध्ये गॅरी सोबर्स यांच्या बॅटीतून. शास्त्री यांचे त्या डावातले द्विशतक ११३ मिनिटांत पुरे झाले. वेळेच्या हिशेबात ते तोवरचे सर्वांत जलद प्रथम दर्जाचे द्विशतक होते. दोन महिन्यांनी ऑस्ट्रेलियातली ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट’ भारताने जिंकली. ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरलेल्या शास्त्री यांना ऑडी मोटार मिळाली आणि सारा संघ तिच्यावर बसून मेलबर्नच्या मैदानाला फेरी मारून आला.

कर्णधारपद त्यांच्या वाट्याला एकाच कसोटीत आले. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला झालेल्या त्या सामन्यात नरेंद्र हिरवाणीने पदार्पणातच १६ बळी घेतले आणि वेस्ट इंडिज २५५ धावांनी हरली. १९९० मध्ये ओव्हलवर त्यांनी १८७ धावा केल्या, तर जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला २०६. ऑस्ट्रेलियात भारतीयाने केलेले ते पहिले कसोटी द्विशतक. त्या डावात त्यांना बाद करणारा नवखा लेगस्पिनर होता शेन वॉर्न आणि शास्त्री हा त्याचा पहिला कसोटी बळी. पुढे गुडघ्याने साथ सोडली आणि वयाच्या तिशीतच, १९९२ च्या डिसेंबरमध्ये, त्यांची अखेरची कसोटी झाली. ३,८३० धावा, ११ शतके आणि १५१ बळी ही त्यांची कसोटीतली कमाई. १९९३-९४ च्या मोसमात मुंबईच्या तरुण संघाला रणजी करंडक मिळवून देऊन त्यांनी खेळणे थांबवले.

त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास क्रिकेटचे प्रक्षेपणच बदलत होते. तोवर भारतातले सामने दाखवण्याचा हक्क व्यवहारात एकट्या दूरदर्शनकडे होता. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांचा समावेश असलेल्या पीठाने निकाल दिला. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे त्याचे सार. खासगी क्रीडावाहिन्यांची वाट मोकळी झाली. वाहिन्यांना सामने हवे होते आणि सामन्यांना आवाज. पुढच्याच महिन्यात, मार्च १९९५ मध्ये, मुंबईत निवृत्त खेळाडूंची ‘वर्ल्ड मास्टर्स’ स्पर्धा झाली आणि तिथे शास्त्री यांनी समालोचनाला सुरुवात केली.

रेडिओचा आणि टीव्हीचा समालोचक यांचे काम वेगळे असते. रेडिओवर बोलणारा श्रोत्याचे डोळे होतो. क्षेत्ररचना, चेंडूचा टप्पा, धावसंख्या हे सारे त्यालाच सांगावे लागते. टीव्हीवर हे प्रेक्षकाला दिसतच असते. त्यामुळे समालोचकाने सांगायचे ते चित्रात नसलेले : चेंडू का वळला, कर्णधाराने स्लिप का काढली, फलंदाजाच्या मनात काय चालले असेल. समालोचन कक्षात साधारण अर्ध्या तासाच्या पाळ्या असतात. समोर मैदान आणि मॉनिटर, तर कानात निर्मात्याच्या सूचना. एक जण चेंडूचे वर्णन करतो, दुसरा, बहुधा माजी खेळाडू, त्याचा अर्थ लावतो.

अर्थ लावणाऱ्या माजी खेळाडूची ही गरज सर्वच खेळांत असते. दहा मीटर उंचीवरून पाण्यात मारलेला सूर दोन सेकंदांच्या आत संपतो. त्यात कोलांट्या किती झाल्या, पाण्यात शिरताना अंग किती तिरके झाले, हे सामान्य डोळ्याला टिपता येत नाही. अमेरिकेच्या सिंथिया पॉटर यांनी १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तीन मीटर स्प्रिंगबोर्ड प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि पुढे एनबीसी वाहिनीवरून अनेक ऑलिंपिकमध्ये हेच उलगडून सांगितले. क्रिकेटची अडचण नेमकी उलटी. दोन चेंडूंमध्ये वेळ भरपूर आणि तो बोलण्याने भरायचा असतो.

शास्त्री यांनी तो भरला तो खणखणीत आवाजाने. चेंडू उंच उडाला की त्यांचा स्वर चढतो आणि तो सीमारेषेपार जाईपर्यंत उतरत नाही. नाणेफेकीच्या वेळी कर्णधारांची ओळख करून देताना आधी प्रेक्षकांनाच जागे करायचे, ही त्यांची पद्धत. सुनील गावसकर यांचे बोलणे मिश्कील आणि संजय मांजरेकर यांचे चिकित्सक. मुंबईच्या या तिघांत प्रसंग साजरा करण्याचे काम शास्त्री यांचे. त्यांची ठरावीक वाक्ये विनोदाचा विषय झाली. जोरकस फटक्याला ते देत असलेली ‘ट्रेसर बुलेट’ची उपमा तर नकलाकारांनी पाठ केली. पण ज्या वाक्याची नक्कल होते ते प्रेक्षकांच्या लक्षात राहिलेले असते, हेही खरेच.

दोन प्रसंगांनी हा आवाज इतिहासाशी जोडला गेला. १९ सप्टेंबर २००७ रोजी डर्बनला युवराजसिंगने स्टुअर्ट ब्रॉडच्या षटकात सहा षटकार मारले, तेव्हा ते घडताना सांगणारा माणूस बावीस वर्षांपूर्वी स्वतः तसे सहा षटकार मारून बसला होता. २ एप्रिल २०११ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात महेंद्रसिंग धोनीने नुवान कुलसेकराला षटकार मारून विजय मिळवला, तेव्हाही माइकवर शास्त्रीच होते. मैदानही शास्त्री यांच्या सहा षटकारांचेच, वानखेडे. १९८३ च्या विश्वविजेत्या संघात शास्त्री होते, पण लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्यात त्यांना खेळायला मिळाले नव्हते. भारताच्या दुसऱ्या एकदिवसीय विश्वविजयाचा शेवटचा क्षण मात्र त्यांच्याच शब्दांत जतन झाला.

आक्षेपही आहेत. शास्त्री भारतीय क्रिकेट मंडळाशी करारबद्ध समालोचक होते. मंडळाकडून मानधन घेणारा मंडळाच्या चुकांवर किती बोलू शकेल, हा प्रश्न वारंवार विचारला गेला. संयत समालोचनाची सवय असलेल्या प्रेक्षकांना त्यांचा उत्साह अतिरेकी वाटतो, हा दुसरा आक्षेप. पहिला प्रश्न अर्थात एकट्या शास्त्री यांचा नाही. प्रक्षेपणाची सूत्रे स्पर्धेच्या आयोजकाकडे असतील, तर सगळ्याच समालोचकांना तो लागू पडतो.

ऑगस्ट २०१४ मध्ये ते भारतीय संघाचे संचालक झाले आणि २०१७ ते २०२१ या काळात मुख्य प्रशिक्षक. २०१८-१९ मध्ये भारताने ऑस्ट्रेलियात पहिल्यांदाच कसोटी मालिका जिंकली. २०२०-२१ च्या दौऱ्यात ॲडलेडला संघ ३६ धावांत बाद झाला, तरी मालिका २-१ अशी जिंकूनच परतला. विश्वचषक मात्र या काळात एकही हाती आला नाही. प्रशिक्षकपद सुटल्यावर ते माइककडे परतले आणि २०२२ च्या आयपीएलमध्ये त्यांनी हिंदीतून समालोचन केले. दहाव्या क्रमांकावरून सलामीला गेलेल्या या माणसाला नवी जागा घेणे जड गेले नाही. जानेवारी २०२४ मध्ये क्रिकेट मंडळाने त्यांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला.