मालवाहू गाडीचा ब्रेक स्विच : दोष ओळखण्याची रीत

टोमॅटो, फुले, भाजीपाला वेळेवर बाजारात पोचावा म्हणून बऱ्याच बागायतदारांनी स्वतःची पिकअप किंवा छोटा ट्रक घेतला आहे. अशी भरलेली गाडी कधीकधी घाटात एकाएकी ओढेनाशी होते. ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन उचल घेत नाही आणि समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. मग डिझेल पंप, इंजेक्टर, टर्बो यांवर संशय जातो. त्यांना हात लावण्यापूर्वी ब्रेक पॅडलजवळचा लहानसा स्विच तपासावा.

पॅडल सोडलेले असताना त्याचा दांडा या स्विचची पिन आत दाबून ठेवतो. पॅडल दाबले की पिन बाहेर येते आणि मागचे लाल दिवे लागतात. जुन्या गाड्यांत स्विचचे काम एवढेच होते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने डिझेल सोडणाऱ्या इंजिनांत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ गाड्यांतही, तो इंजिनाच्या संगणकाला (ईसीएम) निरोप देतो. त्यासाठी बहुधा दोन संपर्क असतात. पॅडल दाबल्यावर एक जुळतो व दुसरा सुटतो. दोन्हींचा मेळ बसला नाही तर ईसीएम दोष नोंदवतो. ब्रेक व ॲक्सिलरेटर एकदम दाबले आहेत असा त्याचा समज झाल्यास अनेक गाड्यांत तो डिझेल कमी करतो. गाडी ओढत नाही ती यामुळे.

तपासणी सपाट जागी, चाकांना दगड लावून करावी. एकाला मागे उभे करून पॅडल दाबावे. एकच दिवा लागत नसेल तर दोष बल्बचा, होल्डरचा किंवा अर्थचा असतो, स्विचचा नव्हे. एकही लागत नसेल तर आधी फ्यूज पाहावा. पाय काढल्यावरही दिवे जळत राहिले तर पायाशी वाकून बॅटरीने नीट बघावे. काही गाड्यांत दांड्याच्या भोकात रबराची किंवा प्लॅस्टिकची गोटी असते. ती झिजून फुटली की पिन त्या भोकातून आरपार जाते. पायपुसण्यावर तिचे तुकडे सापडले तर निदान झालेच! गोटीची किंमत किरकोळ असते, पण रात्रभर दिवे जळून बॅटरी उतरते आणि मागच्या वाहनाला तुम्ही ब्रेक कधी लावला हे कळतच नाही.

गोटी शाबूत असेल तर कपलर काढून पिना हिरव्या पडल्या आहेत का, तार दांड्याला घासली आहे का, हे पाहावे. नंतर मीटर लावावा. दिव्याच्या संपर्कावर पॅडल सोडलेले असताना आवाज येऊ नये, दाबल्यावर यावा. दुसऱ्यावर बहुधा याच्या उलट होते. ईसीएमच्या तारांना बल्बचा टेस्ट लॅम्प लावू नये. बिनसंपर्काचा सेन्सर असल्यास मीटरच्या आवाजावरून काही कळत नाही, त्याला स्कॅनरच हवा. स्कॅनरवर पी०५०४ किंवा पी०५७१ दिसल्यास रोख याच भागाकडे असतो. मात्र कोड सर्किट दाखवतो, त्यात तार आणि कपलरही आले.

दोन तारा पिळून जोडण्याचा रस्त्यावरचा उपाय करू नये. त्याने दिवे लागतील, पण ब्रेक कायम दाबलेला आहे असे ईसीएम समजेल.

एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकमध्ये दिव्याचा स्विच बहुधा हवेच्या नळीवर असतो, तेथे पॅडलखाली शोधण्यात वेळ घालवू नये. पॅडल खोल जात असेल किंवा ब्रेक ऑइल उतरत असेल तर तो ब्रेकचाच दोष आहे. अशी गाडी जागची हलवू नये.

नवा स्विच पुस्तिकेप्रमाणे बसवावा. काही स्विच पॅडल दाबून धरूनच फिरवून बसवावे लागतात, नाहीतर अंतर चुकते. नंतर स्कॅनरने कोड पुसून गाडी आधी रिकामी चालवून पाहावी, मग माल भरावा.