सफरचंद श्रेष्ठ की पेरू?

आजाऱ्याच्या भेटीला जाताना आपण सफरचंदे नेतो. परसातला पेरू मात्र उपेक्षित राहतो. पोषणमूल्ये पाहता चित्र वेगळे दिसते. 100 ग्रॅम सफरचंदात क जीवनसत्त्व जेमतेम 5 मिलिग्रॅम, तर तेवढ्याच पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम असते. तंतुमय पदार्थही पेरूत दुपटीहून अधिक आहेत. क जीवनसत्त्वामुळे डाळी व पालेभाज्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. म्हणून रक्तक्षय असलेल्यांनी पेरू जेवणासोबत खावा. उष्णतेने हे जीवनसत्त्व घटते, त्यामुळे साखरेत आटवलेल्या ‘पेराद’पेक्षा ताजे फळच हितकर. मात्र पेरूत पोटॅशियम अधिक असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी तो वैद्यकीय सल्ल्यानेच खावा. अशा रुग्णासाठी सफरचंद तुलनेने सोयीचे ठरते.